पायाळू मुलगी, तिचे खुबे आणि आमची स्लिंग

आमच्या मुलीचा जन्म नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्यात सिझेरियनने झाला. ती शेवटपर्यंत पायाळूच राहिली होती, सदतिसाव्या आठवड्यात पाणी गेले आणि जन्मतः तिचे वजन २.३ किलो भरले. पुढे जवळपास दोन वर्षे तिला कापडाच्या स्लिंगमध्ये अंगाशी बांधून वावरण्याचे काम मुख्यतः माझ्याकडे, म्हणजे तिच्या बापाकडे, राहिले. या काळात बालरोगतज्ज्ञ, रुग्णालयातल्या सिस्टर, माझी आई, सासूबाई, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आणि माझी पत्नी या सगळ्यांची या विषयावरची मते एकमेकांपासून बरीच वेगळी निघाली. प्रत्येक मतामागची काळजी तपासून पाहिल्यावर तिच्यात काही ना काही तथ्य सापडत गेले, आणि आम्ही स्लिंग नीट वापरायला शिकलो ते त्यामुळेच. जे आईबाप आज या वळणावर आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळे घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात रजेपासून करतो, कारण रजा मिळाली नसती तर पुढचे काहीच जमले नसते. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करतो. आम्हाला पितृत्व रजा १५ दिवसांची असते. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तरच मिळते आणि त्या मुदतीत घेतली नाही तर बुडते. तिला दुसरी रजा जोडता येते, त्यामुळे मी त्याच अर्जात अर्जित रजाही मागितली आणि सोबत रुग्णालयाचा दाखला जोडला. खासगी नोकरीतल्या बापांसाठी असा कायदा नाही; त्यांनी आपल्या कंपनीचे नियम आधीच वाचून ठेवावेत.

मुलीला अंगाशी बांधून घेण्याचा पहिला धडा मला रुग्णालयातच मिळाला. २.५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर ठेवतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. पत्नीला टाक्यांमुळे फार वेळ बसवत नव्हते, म्हणून सिस्टरनी मलाच समोरून बटणे असलेला शर्ट घालून यायला सांगितले. मुलीच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढेच होते. सिस्टरनी तिला उभे धरून माझ्या छातीच्या मधोमध ठेवले, तिचे हातपाय बेडकासारखे दुमडून बाजूला घेतले, मान एका बाजूला वळवून हनुवटी किंचित वर केली आणि एक मऊ, रुंद कापड तिच्या पाठीवरून घेऊन माझ्या पाठीमागे बांधले. कापडाची वरची कड तिच्या कानाच्या पाळीपर्यंत आली पाहिजे आणि नाक सतत दिसत राहिले पाहिजे, हे त्यांनी दोनदा सांगितले. एकदा ठेवले की निदान तासभर काढायचे नाही, अशीही सूचना होती. पहिली काही मिनिटे मी श्वासही जपून घेत होतो. मग तिच्या पाठीवर ठेवलेल्या तळहाताला तिचा श्वास संथ झालेला जाणवला, आणि माझी भीती थोडी ओसरली.

ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी सुरू केली, कारण तेथील रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे होते. आता श्रीमंत देशांतली रुग्णालयेही ती वापरतात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील पाच रुग्णालयांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच अशा रीतीने अंगाशी घेतले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. आमची मुलगी त्या वजनगटातली नव्हती, तरीही मांडीवर घेण्याचीही भीती वाटणाऱ्या बापाला या माहितीने बराच धीर दिला.

डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी एक ओळ स्वतंत्रपणे लिहिली होती: सहाव्या आठवड्यात दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी. पायाळू बाळ, त्यातही मुलगी आणि पहिलटकरणीचे अपत्य, या तिन्ही गोष्टींमुळे खुब्याच्या सांध्याची वाटी उथळ राहण्याचा धोका वाढतो. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीची उसण जाते, असे आमच्या संगमनेरकडे आजही मानतात आणि भेटायला येणारे तेच कौतुकाने सांगत होते; खुबे तपासले का, असे मात्र एकानेही विचारले नाही. पायाळू बाळ असेल तर जन्म सिझेरियनने होवो वा नैसर्गिकरीत्या, ही तपासणी स्वतःहून विचारून घ्या.

घरी आल्यावर पहिला मतभेद उभा राहिला तो बाळाला बांधण्यावरून. मालीश-अंघोळीसाठी येणाऱ्या बाई अंघोळीनंतर मुलीचे पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट गुंडाळत. तसे केले नाही तर पाय वाकडे राहतात, यावर त्यांची आणि सासूबाईंची श्रद्धा होती, आणि गुंडाळल्यावर ती शांत झोपे हेही खरे होते. बालरोगतज्ज्ञांना फोन केला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की हात गुंडाळले तर चालतील, परंतु पाय मोकळे, दुमडलेले आणि फाकलेलेच राहिले पाहिजेत. जपानमध्ये १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांचे पाय सरळ बांधू नयेत अशी मोहीम राबवल्यावर निखळलेल्या खुब्यांचे प्रमाण खूप घटले, हे मी नंतर वाचले. सासूबाईंना मी अभ्यासाचे काही सांगितले नाही. त्यांना पुढच्या लसीकरणाला सोबत नेले आणि डॉक्टरांनाच दाखवायला सांगितले. डॉक्टरांनी मुलीचे गुडघे दुमडून बाहेरच्या बाजूला हळूच फिरवले आणि सांध्याचा गोळा वाटीत कसा बसतो ते त्यांच्या हाताला जाणवू दिले. त्या दिवसापासून दुपटे फक्त छातीपर्यंत येऊ लागले.

सोनोग्राफी जानेवारी २०२४ मध्ये झाली. मोठ्यांच्या पोटाची सोनोग्राफी गल्लोगल्ली होते, पण तान्ह्या बाळाच्या खुब्याची करणारे रेडिओलॉजिस्ट मोजकेच असतात. बऱ्याच केंद्रांनी फोनवरच नकार दिला. चौकशी करताना “ग्राफ पद्धतीने बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी करता का?” असे नेमके विचारले की उत्तर लवकर मिळते. आम्हाला आठवड्याभराने वेळ मिळाली आणि खर्च १,८०० रुपये आला. नुकतेच दूध पाजून नेले तर बाळ शांत राहते. मुलीला कुशीवर निजवून दोन्ही बाजूंनी तपासले. अहवालात उजव्या खुब्याचा अल्फा कोन, म्हणजे सांध्याची वाटी किती खोल आहे ते दाखवणारा कोन, ६२ अंश आणि डाव्याचा ५७ अंश होता. ६० किंवा त्याहून अधिक म्हणजे सांधा पक्व. ५० ते ५९ हे तीन महिन्यांच्या आतील बाळात अपक्व मानतात आणि बहुतेक वेळा तो आपोआप सुधारतो, पण पुन्हा तपासणी आवश्यक असते. अस्थिरोगतज्ज्ञांनी सहा आठवड्यांनी परत बोलावले. सुधारणा झाली नाही तर बाळाचे पाय दुमडून फाकलेले ठेवणारा पट्ट्यांचा पाव्हलिक हार्नेस लावावा लागेल, हेही सांगून ठेवले. ते सहा आठवडे आम्हा दोघांना जड गेले.

त्याच भेटीत मी स्लिंगबद्दल विचारले. डॉक्टरांचे उत्तर नेमके होते. स्लिंग हा उपचार नव्हे. मात्र तिच्यात बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर राहत असतील, मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत खालून आधार असेल आणि पाय लोंबकळत नसतील, तर ती खुब्यांना पोषक स्थिती आहे. माझ्या कार्यालयातल्या मंडळींनी प्रेमाने दिलेले बकलचे कॅरिअर, म्हणजे बाळ अंगावर घ्यायची पट्ट्यांची तयार शिवलेली झोळी, मी सोबत नेले होते. त्याची बैठक दोन पायांच्या मध्ये जेमतेम वीतभर पट्टी एवढीच होती, त्यामुळे मुलीचे पाय त्यात सरळ खाली लटकले असते. डॉक्टरांनी ते एका नजरेत बाजूला ठेवले. खरेदी करताना रंग आणि खिसे यांच्या आधी बैठकीची रुंदी पाहा आणि कमीत कमी किती वजनाच्या बाळासाठी ते बनवले आहे ते वाचा. मी रिंग स्लिंग घेतली, म्हणजे खांद्यावरून घेऊन दोन कड्यांतून ओवून घट्ट करायचे लांब कापड; तिच्यावर ३.५ किलो लिहिले होते, म्हणून मुलीचे वजन तिथवर पोचेपर्यंत, म्हणजे जानेवारी सरेपर्यंत, आम्ही थांबलो.

स्लिंग हातमागाच्या सुती कापडाची, २,६०० रुपयांची. कापड दोनदा धुतल्यावर मऊ झाले. कड्या एकसंध असाव्यात, त्यांना सांधा नसावा आणि खांद्याजवळची शिलाई उलटून पाहावी. पहिला सराव उशीच्या खोळीत तांदूळ भरून केला, पलंगाशेजारी उभे राहून. एका प्रशिक्षिकेने व्हिडिओ कॉलवर तासाभराचे ८०० रुपये घेऊन शिकवले आणि ते पैसे सत्कारणी लागले असे मी म्हणेन, कारण ध्वनिचित्रफिती पाहून न समजणारी एक गोष्ट त्यांनी दाखवली. कड्यांतून कापड ओवताना त्याच्या चुण्या पंख्यासारख्या पसरलेल्या राहिल्या पाहिजेत. घट्ट करताना कड्यांतून खाली लोंबणारे सगळे शेपूट एकदम ओढायचे नाही. वरची कड ढिली असेल तर शेपटाचा फक्त वरच्या काठाचा भाग ओढायचा, पाठीजवळ फुगा दिसला तर मधला, बैठक सैल असेल तर खालचा. ओढताना दुसऱ्या हाताने बाळाचे वजन किंचित उचलून धरायचे, नाहीतर कापड कड्यांमध्ये अडकते. कापड खांद्यावर पूर्ण पसरले आणि मानेजवळ गोळा झाले नाही, तर दोन तासही पाठ दुखत नाही.

सुरक्षिततेचे नियम आम्ही फ्रीजवर लिहून लावले होते: स्लिंग घट्ट, चेहरा सतत नजरेसमोर, मान जरा झुकवली की टाळूचा मुका घेता येईल इतके बाळ वर, हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटे मावतील एवढी जागा, पाठीला पूर्ण आधार. यांपैकी हनुवटीचा नियम मी सर्वांत जपला. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये स्लिंगमध्ये गुदमरण्याबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात चार महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या आणि सर्दी-खोकला झालेल्या बाळांची विशेष काळजी घ्यायला सांगितले होते. आडवे निजवून खोल पिशवीत ठेवल्यासारखे बाळ ठेवले की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवाज न होता बंद होते. म्हणून आम्ही कायम उभेच घेतले. मुलीला सर्दी असे त्या दिवशी स्लिंग खुंटीवर राही.

माझी आई फेब्रुवारीत संगमनेरहून आली आणि दाराशीच तिने नाराजी सांगितली. “तिला हाताची सवय लागेल. मग खाली ठेवू देणार नाही, आणि सोसायचं सुनेला.” दुसरे कारण तिने दोन दिवसांनी, स्वयंपाकघरात, आवाज खाली घेऊन सांगितले. दिवाळीनंतर आमच्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांतल्या बायका लेकरे अंगाला बांधून चालताना ती लहानपणापासून पाहत आली आहे. आपली नात तशी बांधलेली पाहणे तिला नको वाटत होते. मला हे ऐकून वाईट वाटले, पण ती मनातले बोलली हे बरे झाले. पोळ्या करणाऱ्या मावशी मूळच्या बीड जिल्ह्यातल्या आणि लग्नानंतर काही वर्षे तोडीला गेलेल्या. त्यांना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की थळापर्यंत, म्हणजे तोडीच्या शेतापर्यंत, लेकरू पाठीशी, मग बाभळीला किंवा बैलगाडीला लुगड्याची झोळी, कारण कोयता चालवताना लेकरू अंगावर ठेवता येत नाही. “तुम्ही हौसेनं बांधता दादा, आम्हाला ठेवायला जागा नव्हती,” असे त्या शांतपणे म्हणाल्या. अंगाशी बांधलेले मूल म्हणजे जुन्या काळचे सुख, असे काही लोक लिहितात. मावशींचे बोलणे ऐकल्यापासून मला तसे लिहिणे पटत नाही. त्यांनी एक कामाची गोष्ट मात्र शिकवली: बाळ पाठीवर घेताना आधी बसायचे, मग बांधायचे, आणि उठताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून उठायचे.

सवयीच्या मुद्द्यावर मी शोधाशोध केली. कॅनडात हुन्झिकर आणि बार यांनी ९९ मायलेकरांचा अभ्यास केला होता, तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांना दिवसभरात अधिक वेळ अंगावर घेतले तेव्हा सहाव्या आठवड्यात त्यांचे रडणे ४३ टक्के कमी आढळले. मात्र बार यांनीच नंतर पोटशुळाने खूप रडणाऱ्या बाळांवर तोच उपाय करून पाहिला तेव्हा फरक पडला नाही. मी दोन्ही गोष्टी आईला सांगितल्या. तिचे मत बदलले नाही, पण ती रोज दुपारी नातीला मांडीवर घेऊन ओव्या म्हणत बसू लागली आणि स्लिंगबद्दल पुन्हा बोलली नाही. तिने स्लिंग कधीच अंगावर घेतली नाही, मीही आग्रह केला नाही.

सर्वांत महत्त्वाचे मत पत्नीचे होते, आणि ते माझ्यापेक्षा वेगळे होते. तिने टाके भरल्यावर काही दिवस स्लिंग वापरून पाहिली, मग मला परत दिली. “दिवसभर दर दोन तासांनी ती माझ्या अंगावर असतेच. उरलेला वेळ तरी माझं अंग माझ्याकडे राहू दे,” असे ती म्हणाली. तिला बाबागाडी हवी होती. बाळाला अंगाशी बांधणारी आई अधिक मायाळू, असे सुचवणारा मजकूर इंटरनेटवर भरपूर आहे आणि बाळंतपणाने थकलेल्या बाईला तो फार छळतो, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. आमच्या घरी मग कामाची वाटणी झाली. सोसायटीच्या आवारात आणि मॉलमध्ये ती बाबागाडी नेई. रस्त्यावर, बसमध्ये आणि रात्रीच्या रडण्याला स्लिंग, ती माझी. पुण्याच्या फुटपाथवर उखडलेले ब्लॉक, मधोमध उभे खांब आणि लावलेल्या दुचाक्या यांतून बाबागाडी ढकलणे कठीण आहे, त्यामुळे ही वाटणी टिकली.

फेब्रुवारीच्या अखेरीस दुसरी सोनोग्राफी झाली. डावा खुबा ६३ अंश. डॉक्टरांनी अहवाल आमच्याकडे वळवून आकड्यावर पेन टेकवले, पत्नीने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघेही काही क्षण बोलू शकलो नाही. हार्नेसची गरज उरली नाही. चालायला लागल्यावर एकदा दाखवून जा, एवढेच त्यांनी सांगितले.

एप्रिलमध्ये उन्हाने वेगळा प्रश्न आणला. दोन अंगांच्या उष्णतेने मुलीच्या मानेवर घामोळे उठले, तेव्हा सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी स्लिंग बंद केली, तिच्या अंगात फक्त पातळ झबले ठेवले आणि माझ्या छातीवर सुती पंचा घेतला. गॅसशेजारी, गरम चहा पिताना आणि दुचाकीवर स्लिंग कधीही नको. शेवटच्या बाबतीत मी आग्रहाने लिहितो, कारण स्लिंगमध्ये बाळ घेऊन स्कूटरवर बसलेले आईबाप पुण्यात रोज दिसतात. फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार दुचाकीवर चार वर्षांखालील मुलासाठी वेगळा सेफ्टी हार्नेस आणि नऊ महिन्यांपासून हेल्मेट लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. कापडाची स्लिंग ही त्या हार्नेसची जागा घेत नाही. आम्ही संगमनेरला एसटीने गेलो. वाकडेवाडी स्थानकावर बस लागल्यावर चढताना दोन्ही हात मोकळे असणे किती मोलाचे आहे ते तिथे कळते.

मे २०२४ मध्ये पत्नीची २६ आठवड्यांची रजा संपली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारल्यावर तिच्या कंपनीने जवळच्या पाळणाघराचा अर्ज दिला. लसीकरणाचे पुस्तक, जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रे आणि कोणी न्यायला यायचे त्यांचे फोटो द्यावे लागले. तिथल्या ताईंनी स्लिंग वापरायला नकार दिला, कारण त्यांच्याकडे एकाच वेळी तीन तान्ही बाळे असत आणि एकाला बांधून घेतले तर दुसऱ्याला वाकून उचलता येत नाही. ते योग्यच होते. पहिला आठवडा मुलगी दुपारी फार रडली, त्यानंतर तिथल्या झोळीत झोपू लागली. घरी आल्यावर माझ्याकडे हात पसरून स्लिंगच मागायची. तिने दोन्ही ठिकाणांच्या दोन पद्धती वेगवेगळ्या लक्षात ठेवल्या होत्या.

बसता येऊ लागल्यावर मी तिला रिंग स्लिंगमध्ये कडेवर घेऊ लागलो. पहिल्या वाढदिवसाला, साडेआठ किलो वजन असताना, रुंद बैठकीचे बकलचे कॅरिअर ५,५०० रुपयांना घेतले आणि तिला पाठीवर घ्यायला सुरुवात केली. विमानाने बंगळुरूला गेलो तेव्हा सुरक्षा तपासणीत बाळाला बाहेर काढून कॅरिअर मशीनमधून पाठवावे लागले, आणि उड्डाण व उतरताना तिला कॅरिअरमधून काढून मांडीवर वेगळ्या पट्ट्याने बांधावे लागले. झोपलेले मूल त्यामुळे उठते, हे गृहीत धरून दुधाची वेळ आखा.

दीड वर्षानंतर तिला स्वतः चालायचे असे, आणि शंभर पावलांनंतर पुन्हा वर यायचे असे. त्या काळात कमरेला गुंडाळून ठेवता येणारी रिंग स्लिंगच सोयीची ठरली. तिने पाठीची कमान करून नकार दिला की मी लगेच सोडत असे. आता ती अकरा किलोंची आहे आणि स्लिंग आठवड्यातून एखाद्या वेळी, लांबच्या मेट्रो प्रवासात लागते. पत्नीच्या मावसबहिणीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे, तिने ती मागितली आहे. देण्याआधी मी कड्या उन्हात धरून कुठे चीर नाही ना ते पाहिले, खांद्याची शिलाई दुहेरी करून घेतली आणि कमीत कमी वजनाची चिठ्ठी कापडाला टाचून दिली आहे. वापरायची की नाही ते तिचे ती ठरवील.